बोलावणं तिकडून येऊ द्या: परदेशी स्वयंसेवेबाबत कोकणातल्या महाविद्यालयांना खुले पत्र

प्रति,
मा. प्राचार्य व राष्ट्रीय सेवा योजनेचे कार्यक्रम अधिकारी,
रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील महाविद्यालये

विषय: विद्यार्थ्यांना परदेशात स्वयंसेवेसाठी पाठवण्याबाबत

सप्रेम नमस्कार.

परीक्षा संपल्या की नेपाळ, श्रीलंका, कंबोडिया किंवा टांझानियात दोन-तीन आठवडे सेवा करून या, प्रमाणपत्र घेऊन या, अशी पॅकेजं आता आपल्या जिल्ह्यांतल्या मुलांपर्यंतही पोचू लागली आहेत. मुलं उत्सुक असतात, पालक ओढूनताणून पैसे उभे करतात आणि शिफारसपत्रासाठी तुमच्याकडे येतात. त्या पत्रावर सही करण्याआधी हे वाचावं, अशी विनंती आहे. आम्ही किनाऱ्यावरच्या लहान संस्थांत काम करणारी माणसं आहोत. कुणी कासवांचं काम करतं, कुणी पाण्याचं, कुणी बचत गटांचं. आमच्याकडे बाहेरून स्वयंसेवक येतात, त्यामुळे यजमानाच्या बाजूने हा व्यवहार कसा दिसतो ते आम्हाला ठाऊक आहे.

आमचं मुख्य म्हणणं एकच आहे. बोलावणं तिकडच्या संस्थेकडून आलं पाहिजे. काम त्यांनी ठरवलेलं हवं, माणूस त्यांनी निवडलेला हवा, मुदत त्यांनी सांगितलेली हवी. आपल्या मुलाला सुट्टी आहे आणि त्याची सेवा करायची इच्छा आहे, एवढ्यावर कुणाच्याही दारात जाऊ नये.

स्वयंसेवक फुकट पडतो, हा सर्वांत मोठा गैरसमज. त्याला स्टँडवरून आणायला माणूस लागतो, राहायला खोली लागते, भाषेसाठी कुणीतरी सतत सोबत लागतं, पोट बिघडलं तर दवाखान्यात न्यावं लागतं. लहान संस्थेत पगारी माणसं असतात तीन. त्यातलं एक पाहुण्याच्या मागे गेलं की संस्थेचं एक तृतीयांश काम थांबलं. दोन आठवड्यांच्या मुक्कामातला पहिला आठवडा रस्ते, नावं आणि पाणी अंगवळणी पडण्यात जातो, शेवटचे दोन दिवस निरोपात. हाताशी उरतात चार-पाच दिवस, आणि तेवढ्यात काही उपयोगी घडायचं तर काम आधीपासून तयार ठेवावं लागतं. म्हणजे पाहुण्यासाठी काम शोधण्याचंही एक काम होतं. पुरानंतरच्या चिपळुणात २०२१ साली गाळ उपसायला फावडी, पंप आणि गमबूट लागत होते. अशा गावात आपलं पाणी, आपली शिदोरी आणि आपलं फावडं घेऊन येणारा माणूस उपयोगी पडतो. ज्याच्या जेवणाची सोय पूरग्रस्तालाच करावी लागते, त्याने येऊ नये. हे आपल्याला आपल्या गावाबद्दल लगेच पटतं, परदेशातल्या गावाबद्दल पटायला मात्र वेळ लागतो.

एक साधी कसोटी लावून पाहा. जे काम आपला विद्यार्थी तिथे करणार आहे, ते काम त्याच वयाच्या, तेवढ्याच शिक्षणाच्या परक्या मुलाला आपण इथे करू दिलं असतं का? गुहागर तालुक्यातल्या जिल्हा परिषद शाळेत मराठी न येणाऱ्या, बी.ए.च्या पहिल्या वर्षातल्या परदेशी मुलाला पंधरा दिवस चौथीचा वर्ग दिला असता का? प्राथमिक आरोग्य केंद्रात नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षातल्या पाहुणीला एकटीने टाके घालू दिले असते का? इथे ज्याला परवानगी नाही ते तिथे ‘अनुभव’ म्हणून मिळत असेल, तर त्या अनुभवाची किंमत तिथला रुग्ण मोजतो. नर्सिंग आणि फार्मसीच्या प्राचार्यांनी हे विद्यार्थ्यांकडून लेखी घ्यावं: इथे जे करायची मुभा नाही ते तिथेही करणार नाही, कुणी आग्रह केला तरी.

आता कासवांबद्दल थोडं विस्ताराने, कारण या विषयात आपल्या किनाऱ्याला कळतं. श्रीलंकेच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर बेंटोटा, कोसगोडा, हिक्कडुवा या पट्ट्यात कासवांच्या हॅचरी, म्हणजे अंडी राखून उबवण्याच्या जागा, आहेत आणि तिथलं काम परदेशी स्वयंसेवकांना पैसे घेऊन दिलं जातं. वेळास, आंजर्ले, गावखडी, वायंगणी ही आपली कासवांची गावं पाहिलेल्या मुलांना ते घरचं काम वाटणार. वेळासला २००२ पासून हे काम चाललं आहे, आणि ते टिकलं ते गावाने आपलं मानलं म्हणून. पाहुणे गावकऱ्यांच्या घरी उतरतात, पैसे त्या घरात राहतात आणि घरट्यांजवळ कोण जाणार ते कासवमित्र, म्हणजे घरटी राखणारा गावातलाच माणूस, ठरवतो.

ऑलिव्ह रिडले जातीच्या कासवाची मादी रात्री पुळणीवर येते, शंभरच्या आसपास अंडी घालते आणि निघून जाते. कुत्रे, कोल्हे किंवा भरतीपासून वाचवण्यासाठी ती हॅचरीत हलवायची तर काही तासांच्या आत हलवावी लागतात, आणि तीही ज्या बाजूने वर होती तीच बाजू वर ठेवून. थोड्या वेळाने गर्भ कवचाला आतून वरच्या बाजूस चिकटतो. त्यानंतर अंडं उलटलं की गर्भ मरतो, आणि बाहेरून पाहणाऱ्याला ते दीड-दोन महिने कळतही नाही. खड्डा दीड फुटाच्या आसपास खोल, तोंडाशी अरुंद आणि तळाशी फुगीर, घागरीसारखा. दोन घरट्यांत साधारण तीन फूट अंतर. पुढच्या हंगामात जागा किंवा वाळू बदलायची, कारण कुजलेल्या अंड्यांची बुरशी वाळूत राहते. मग ४५ ते ६० दिवस राखण. वाळू जास्त तापली तर पिल्लांत माद्याच जास्त होतात, त्याहून तापली तर अंडी उबतच नाहीत. म्हणून सावलीचं जाळं कधी बांधायचं ते रोजच्या तापमानाच्या नोंदीवरून ठरवावं लागतं.

यात दोन आठवड्यांच्या पाहुण्याच्या हाताला काय द्यायचं? पहाटे पुळण चालणं, प्लास्टिक आणि तुटकी जाळी उचलणं, कुत्रे हाकणं, वहीत नोंदी करणं. ही कामं खरी आहेत, गरजेची आहेत, पण फोटोत दिसत नाहीत. त्यामुळे पैसे भरून आलेल्या पाहुण्याच्या हातात अंडी आणि पिल्लं दिली जातात. त्या हातांना सनस्क्रीन असतं, डासांचं मलम असतं, बोटांत पांढऱ्या उजेडाचा टॉर्च असतो.

पिल्लाची तर गोष्टच वेगळी. बाहेर आल्यावर साधारण पहिले २४ तास ते पोटातल्या बलकाच्या बळावर जवळजवळ न थांबता पोहतं आणि किनाऱ्यालगतच्या भक्षकांच्या पट्ट्यातून खोल पाण्यात निघून जातं. तेच पिल्लू दोन-तीन दिवस सिमेंटच्या टाकीत ठेवलं तर ती सगळी ताकद टाकीच्या भिंतीवर आपटण्यात संपते. दाटीत पिल्लं एकमेकांना चावतात, जखमा चिघळतात. मग समुद्रात सोडलं तरी ते सोडणं नावापुरतंच. तरीही काही हॅचरींत टाक्या असतात, कारण पिल्लं निघतात रात्री आणि पर्यटक येतो दुपारी. म्हणून श्रीलंकेला जाणाऱ्याने आधी पत्राने विचारावं: पिल्लं बाहेर आल्यापासून किती वेळात सोडता? टाकी आहे का, आणि कशासाठी? अंडी गोळा करणाऱ्यांकडून विकत घेता का? मोठी कासवं दाखवायला ठेवली आहेत का? जखमी कासवाच्या उपचारासाठी टाकी असू शकते. पिल्लांनी भरलेली टाकी असेल तर जाऊ नये. पर्यटक व्हिसावर तिथे पगारी किंवा बिनपगारी कोणतंच काम करता येत नाही, हेही मुलांना आधीच सांगावं. अर्थात ज्याला खरंच कासवांचं काम करायचं आहे, त्याने इथेच यावं: नोव्हेंबर ते मे आपल्याच पुळणीवर राखणीला माणसं कमी पडतात.

मुलांच्या निवासी संस्थांबाबत आमचं मत कडक आहे. अनाथालयात अल्प मुदतीच्या स्वयंसेवेसाठी कुणालाही पाठवू नये, संस्था कितीही चांगली दिसली तरी. नेपाळमधल्या बालगृहांतल्या बहुतेक मुलांचे आई-वडील, किंवा निदान दोघांतलं एक, हयात असतं. ही बालगृहं मोठ्या प्रमाणात काठमांडू, ललितपूर, भक्तपूर, कास्की आणि चितवन या पर्यटकांच्या जिल्ह्यांत एकवटलेली आहेत. अनाथ मुलं नेमकी पर्यटक येतात तिथेच कशी जन्मतील? हुमलासारख्या दुर्गम डोंगरी जिल्ह्यांतून दलाल मुलं आणतात, आई-वडिलांना चांगल्या शाळेचं आमिष दाखवतात, वर त्यांच्याकडूनच पैसे घेतात. इकडे मूल ‘अनाथ’ होतं, कारण देणगी अनाथाला मिळते. पाहुण्यांची ये-जा जितकी जास्त तितका या धंद्याला जोर. ऑस्ट्रेलियाने २०१८ सालच्या आधुनिक गुलामगिरीविरोधी कायद्याच्या चर्चेत या प्रकाराला मुलांची तस्करी मानलं आणि डिसेंबर २०१९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनेही आपल्या ठरावात अनाथालयातल्या स्वयंसेवेच्या धोक्याची दखल घेतली. धंदा बाजूला ठेवला तरी मुलाचं काय होतं ते पाहा. दर पंधरा दिवसांनी नवा ताई-दादा येतो, जीव लावतो आणि निघून जातो. असं वर्षानुवर्षं झालेलं मूल कुणालाही लगेच बिलगतं. पाहुण्याला ते प्रेम वाटतं, पण बालमानसशास्त्र जाणणाऱ्यांना त्यात इजा दिसते.

मुलांशी संबंधित दुसरं काही काम असेल, उदाहरणार्थ शिक्षकांसाठी साहित्य तयार करणं, तर यजमान संस्था पोलिसांचं चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्र मागते का ते पाहा. मागत नसेल तर ती संस्था मुलांच्या सुरक्षेबाबत सैल आहे. मुलांचे फोटो समाजमाध्यमांवर टाकायचे नाहीत, ही अट जाण्याआधी घाला. परतल्यावर घालून उपयोग नाही.

बांधकामाबद्दल फार लिहायला नको. आपल्याकडे तीस किलोचा जांभा चिरा ओळंब्यात बसवायला गवंडी लागतो, तसा तिथेही लागतो. २५ एप्रिल २०१५च्या भूकंपानंतर नेपाळमध्ये दगडी भिंत बांधायची तर उंचीत दर दोन फुटांवर आणि आडव्या अंतरात चार फुटांच्या आत भिंतीच्या आरपार जाणारा दगड हवा, जोत्याच्या, खिडकीच्या आणि लिंटेलच्या (दारा-खिडकीवरच्या तुळईच्या) पातळीवर सलग आडवा पट्टा हवा. खांबातल्या सळयांभोवतीच्या लोखंडी रिंगचा हुक १३५ अंशांत आत वळवलेला हवा. हौशी हाताने तो ९० अंशांत सोडला तर पुढच्या भूकंपात रिंग उघडते आणि खांब फुटतो. विमानाच्या तिकिटाच्या पैशांत तिथल्या गवंड्याला कित्येक दिवसांची मजुरी मिळते.

पाण्याच्या कामात एक जोडी लक्षात ठेवण्यासारखी आहे. जालना आणि सोलापूर भागात घडलेल्या हातपंपांच्या अनुभवातून १९७०च्या दशकात इंडिया मार्क टू तयार झाला आणि पुढे आफ्रिकेतही गेला. तो टिकला, कारण वॉशर झिजला की तो बदलणारा मेकॅनिक आणि सुटे भाग जवळपास मिळू शकत होते. मुलांनी चक्री फिरवली की पाणी चढेल असा एक पंप २००६च्या सुमारास दक्षिण आफ्रिका, मोझांबिक आणि शेजारच्या देशांत मोठा गाजावाजा करून बसवला गेला. साध्या हातपंपाच्या कित्येक पट महाग. मुलं तासन्‌तास खेळत नाहीत, मग बायकांना ती चक्री ओढावी लागली, बिघडला की दुरुस्ती दूरच्या कंपनीकडे. काही वर्षांत ती मोहीम बंद पडली. विद्यार्थ्यांच्या प्रकल्पात यंत्र असेल तर पहिला प्रश्न हाच विचारा: आपण परतल्यावर हे दुरुस्त कोण करणार, आणि सुटा भाग किती किलोमीटरवर मिळतो?

तारखांचा घोळ तर नेहमीचा. आपली मुलं मे-जूनमध्ये मोकळी असतात. टांझानियाचं शालेय वर्ष जानेवारीत सुरू होतं आणि जूनमध्ये तिथे सुट्टी असते, म्हणजे जूनमध्ये ‘शिकवायला’ गेलेल्याला वर्ग रिकामा मिळणार. शिवाय स्वयंसेवकासाठी तिथे क (Class C) वर्गाचा निवास परवाना लागतो आणि तो यजमान संस्थेच्या कागदांवर मिळतो. पर्यटक म्हणून घुसवणारी एजन्सी मुलांना आणि संस्थेला, दोघांनाही अडचणीत आणते. नेपाळला आपल्याला व्हिसा लागत नाही, म्हणून कसलीच परवानगी लागत नाही असं धरलं जातं. तिथल्या स्वयंसेवी संस्थांवर समाज कल्याण परिषदेची देखरेख असते. संस्थेचा तिथला नोंदणी क्रमांक मागवा. लिपी देवनागरी असल्याने आपल्या मुलांना पाट्या वाचता येतात आणि भाषा येते असं वाटू लागतं. वाचणं आणि वाडीवरच्या बाईचं दुखणं समजून घेणं यांत फार अंतर आहे, निदान दोन महिने बोलीचा सराव करून जावं.

आरोग्याचं वेळापत्रक तिकिटाआधी करा. केनिया, युगांडा, घाना अशा देशांसाठी पीतज्वराची लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते, आणि ती अधिकृत केंद्रावरच मिळते: मुंबईत, किंवा सिंधुदुर्गातल्या मुलांना गोव्यात मुरगाव बंदराच्या आरोग्य कार्यालयात सोयीची पडेल. प्रमाणपत्र नसेल तर परतताना विमानतळावर सहा दिवसांपर्यंत अलग ठेवलं जाऊ शकतं. मलेरियाच्या प्रतिबंधक गोळ्या डॉक्टर ठरवतील. त्यांतली डॉक्सिसायक्लिन परत आल्यावरही चार आठवडे घ्यावी लागते, आणि घरी पोचल्यावर ती सोडून देणं ही सगळ्यांत जास्त होणारी चूक. जूनच्या पावसात आपल्याकडे तापाला लेप्टो किंवा डेंग्यू समजलं जातं. आफ्रिकेतून आलेल्या मुलाला पुढच्या काही महिन्यांत ताप आला तर आपण कुठून आलो ते डॉक्टरांना पहिल्या वाक्यात सांगायचं. फाल्सिपेरम या जिवावर बेतणाऱ्या प्रकारच्या मलेरियात एक दिवसही महाग पडतो.

पैशांबाबत एजन्सीला लेखी विचारा: भरलेल्या रकमेतले यजमान संस्थेला किती, राहत्या घराला किती आणि तुमच्याकडे किती? उत्तर टाळलं तर तिथेच थांबा. तेच प्रश्न यजमान संस्थेलाही स्वतंत्र पत्राने विचारा आणि दोन्ही उत्तरं ताडून पाहा. यजमान संस्था कधी कधी मुक्कामाचा खर्च मागते, तो रास्त आहे, तो द्यावा. बॅगा भरून जुने कपडे आणि उरलेली औषधं नेऊ नयेत. दान दिलेल्या औषधाची मुदत पोचल्यावर किमान वर्षभर शिल्लक असावी, असा जागतिक आरोग्य संघटनेचा दंडक आहे. घरातल्या उरलेल्या पट्ट्या त्यात बसत नाहीत.

मग पाठवायचं तरी कुणाला? ज्याच्या हातात कसब आहे आणि ज्याच्याकडे किमान तीन महिने आहेत त्याला. आपल्याकडे अशी मुलं आहेत. आयटीआयमधला डिझेल मेकॅनिक किंवा शीतकरणाचं काम जाणणारा, शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयातून बाहेर पडलेला, बचत गटांचे हिशेब संगणकावर बसवून देणारी वाणिज्य पदवीधर. काजूचंच घ्या. टांझानियाच्या दक्षिणेला म्ट्वारा भागात काजू हेच मुख्य पीक. मृदुकाष्ठ कलमासाठी, म्हणजे कोवळ्या रोपावर काडी बांधून केलेल्या कलमासाठी, दीड-दोन महिन्यांचं रोप, सात-दहा दिवस आधी पानं छाटून फुगवलेली काडी, पाचर नेमकी बसणं, वर प्लास्टिकची टोपी, हे सगळं हाताने केलेली दापोली-वेंगुर्ल्याकडची मुलगी तिथल्या रोपवाटिकेला उपयोगी पडू शकते. पण तिथे नालिएन्देले इथे काजू संशोधनाचं केंद्र आहेच. म्हणून आपण शिकवणार असं गृहीत न धरता तुम्हाला नेमकं काय अडतं ते आधी विचारायचं. कदाचित त्यांना कलमं बांधणारा नको असेल, बोंडांपासून काय करता येतं ते दाखवणारा हवा असेल.

राष्ट्रीय सेवा योजनेत आपण वर्षाला १२० तास आणि सात दिवसांचं शिबिर करतो, तेही दत्तक गावात. त्याच गावात पुन्हा जातो म्हणून गावाला आपला भरवसा वाटतो. परदेशातही हाच नियम लावता येईल. दरवर्षी नवा देश पकडू नका. एकच संस्था धरा, पाच वर्षांसाठी. पहिल्या वर्षी कुणालाच पाठवू नका, फक्त पत्रव्यवहार करा आणि घरबसल्या होणारं काम मागा: हिशेबांचा तक्ता, अहवालाची मांडणी, नकाशा. कित्येक संस्थांची गरज तेवढ्यातच भागते.

यंदापासून शिफारसपत्राच्या अर्जासोबत चार कागद मागावेत, ही आमची विनंती. पहिला, यजमान संस्थेचं तिच्या नावाचं पत्र: काम कोणतं, आधी कोण करत होतं, नंतर कोण करणार, देखरेख कुणाची. एजन्सीचं पत्र चालणार नाही. दुसरा, पैशांच्या वाटणीचा लेखी तपशील. तिसरा, कामाला चालणारा व्हिसा किंवा परवाना. चौथा, काम सोपवून येण्याची योजना, शेवटचे दहा दिवस फक्त त्यासाठी राखलेले. मे महिन्यात जायचं असेल तर यजमानाला पहिलं पत्र डिसेंबरात जायला हवं, कारण लहान संस्थेला उत्तर द्यायला महिना लागतो आणि परवान्याला त्याहून जास्त. पहिल्या पत्राचा नमुना मराठीत आणि इंग्रजीत करून द्यायला आम्ही तयार आहोत, आणि अर्ज आलेल्या मुलांशी दिवाळीनंतर तुमच्या महाविद्यालयात येऊन बोलूही.

आपले,
कोकण किनाऱ्यावरच्या लहान संस्थांमधील काही कार्यकर्ते